राजकन्या, शिखरे आणि सम्राट

घरात बाळ जन्मले की नाव ठेवायला सारे कुटुंब एकत्र बसते. दादाजानना एक नाव पसंत असते, फुफीला दुसरे. शेवटी जे नाव ठरते, त्यावरून त्या घराला काय प्रिय आहे ते कळते. विमानांचेही असेच असते. एअर इंडियाच्या जुन्या विमानांची नावे आणि मार्ग पाहिले, तर नुकताच स्वतंत्र झालेला देश स्वतःकडे कसा पाहत होता ते समजते.

पहिला मार्ग

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ नावाचे एक इंजिनाचे छोटे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानात उतरवले. विमानात प्रवासी नव्हते, टपालाच्या थैल्या होत्या. लंडनहून येणारे टपाल विमानाने कराचीपर्यंत पोहोचत असे, म्हणून सुरुवात कराचीहून झाली. मुंबईपासून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने टपाल नेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. मग विमाने पुण्याला, येरवडा तुरुंगाशेजारच्या मैदानात उतरत.

पंधरा वर्षांनी फाळणी झाली आणि या मार्गाचे पहिले टोक दुसऱ्या देशात गेले. तरीही १९८२ मध्ये, पन्नास वर्षे पूर्ण झाल्यावर, ७८ वर्षांच्या जे. आर. डीं.नी एका जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा कराची ते मुंबई उड्डाण केले.

राजकन्यांचा ताफा

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीच्या या चार इंजिनांच्या विमानाचे नाव होते ‘मलबार प्रिन्सेस’. ताफ्यातल्या तिच्या बहिणींची नावे होती ‘राजपूत प्रिन्सेस’, ‘मुघल प्रिन्सेस’ आणि ‘मराठा प्रिन्सेस’.

फाळणीची जखम अजून ओली होती. कोण आपले, कोण परके, हा प्रश्न गल्लोगल्ली विचारला जात होता. इतिहासाच्या पुस्तकात ज्यांच्या लढाया आपण पाठ करतो, ते मुघल, मराठे आणि राजपूत इथे मात्र एकाच ताफ्यात होते.

शिखरे आणि सम्राट

१९६० मध्ये बोइंग ७०७ जेट विमाने आली. त्यांना हिमालयातल्या शिखरांची नावे मिळाली : नंदादेवी, गौरीशंकर, अन्नपूर्णा, कांचनजंगा. त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवाही सुरू झाली.

१९७१ मध्ये प्रचंड बोइंग ७४७ दाखल झाले. त्याच्या खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांसारखी लाल नक्षी रंगवलेली होती आणि नावे सम्राटांची होती. पहिले ‘सम्राट अशोक’, पुढे ‘सम्राट शाहजहान’, ‘सम्राट राजेंद्र चोल’, ‘सम्राट विक्रमादित्य’, ‘सम्राट अकबर’. मगध, आग्रा, तंजावर, सारे एका रांगेत. जगातल्या कुठल्याही विमानतळावर यातले कोणतेही विमान उतरले, तरी लोक म्हणत, ‘हिंदुस्थानचे विमान आले.’

दुःखाच्या खुणा

यातली काही नावे दुःखाशीही जोडली गेली. ‘मलबार प्रिन्सेस’ १९५० मध्ये युरोपातल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. त्यात ४८ जण गेले. त्यांत बोटीवर नोकरीला निघालेले हिंदी खलाशी बरेच होते. १९६६ मध्ये ‘कांचनजंगा’ त्याच पर्वतावर कोसळले. त्यात ११७ जणांचा अंत झाला आणि शास्त्रज्ञ होमी भाभा आपण गमावले. ‘सम्राट अशोक’ १९७८ च्या पहिल्याच दिवशी वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडले. ‘सम्राट कनिष्क’ १९८५ मध्ये बॉम्बने उडवले गेले. त्या विमानातले ३२९ लोक अनेक धर्मांचे होते.

मुलांसाठी

या सुट्टीत मुलांसमोर नकाशा उघडा. कराचीपासून मद्रासपर्यंत पेन्सिलीने रेघ ओढायला सांगा आणि आज ती कुठे सीमा ओलांडते ते दाखवा. मग विचारा : तुमच्याकडे पाच नवी विमाने असती, तर त्यांना कोणती नावे दिली असती? त्यांची यादी नीट ऐका. घरात आणि शाळेत आपण त्यांना कोणाकोणाला आपले मानायला शिकवले, ते त्या यादीत दिसेल.