नफा तेलाच्या सौद्यात की माणसांच्या मनात?

व्यापारी बांधवांच्या बैठकीत एक वाद नेहमी निघतो. नफा भावात असतो की माणसांत? सूत स्वस्त असताना भरून ठेवले आणि पुढे भाव चढला, तर आम्ही स्वतःला मोठे हुशार समजतो. पण त्याच वर्षी दोन चांगले कारागीर नाराज होऊन गेले, तर तो तोटा वहीत कुठे लिहायचा, हे आम्हांला कोणी शिकवलेले नाही. अमेरिकेतील एका विमान कंपनीचा हिशेब पाहिला, तर या वादाचा उलगडा होतो.

साऊथवेस्ट एअरलाइन्स ही कंपनी १९७१ साली टेक्सास राज्यात सुरू झाली. पुढच्याच वर्षी पैशाची इतकी तंगी झाली की चारपैकी एक विमान विकावे लागले. तेव्हा कामगारांनी विमान उतरल्यापासून दहा मिनिटांत ते पुन्हा उडण्यासाठी तयार करण्याची हिंमत दाखवली. तीन विमानांनी चार विमानांचे काम केले आणि नोकऱ्या वाचल्या. कंपनीने एकाच जातीची, म्हणजे बोइंग ७३७ विमाने ठेवली आणि नफ्यात कामगारांना वाटा दिला. १९७३ पासून २०१९ पर्यंत सलग ४७ वर्षे ही कंपनी नफ्यात राहिली. ही साखळी २०२० साली करोनाच्या संकटात तुटली.

आता तेलाचे पाहू. विमान कंपनीला तिकिटे महिनोन्‌महिने आधी विकावी लागतात, पण तेल त्या दिवसाच्या भावाने भरावे लागते. आपणही ईदच्या हंगामाची ऑर्डर आधी घेतो आणि सूत नंतर उचलतो. मध्येच भाव भडकला की कमाई साफ. यावर उपाय म्हणून साऊथवेस्टने तेलाचे आगाऊ सौदे केले. त्यातला एक प्रकार असा, की आज थोडी रक्कम भरायची आणि ठरलेल्या भावाचा हक्क घ्यायचा. भाव वर गेला तर फरक मिळतो, खाली आला तर भरलेली रक्कम जाते. २००५ साली कंच्च्या तेलाचा भाव पिंपाला ५० डॉलरच्या पुढे गेला, तेव्हा कंपनीच्या गरजेपैकी सुमारे ८५ टक्के तेल २६ डॉलरच्या हिशेबाने बांधलेले होते.

काही वाचक म्हणतील, हा तर सट्टा झाला! आमच्या मते फरक गरजेचा आहे. ज्याला तेल जाळायचेच आहे, तो भाव बांधतो ते धंदा सांभाळण्यासाठी. ज्याला तेलाशी देणेघेणे नाही, तो फक्त भावावर डाव लावतो. तरीही सांभाळण्याची किंमत पडतेच. जुलै २००८ मध्ये तेल १४७ डॉलरवर गेले आणि डिसेंबरात ४० च्याही खाली आले. भाव असा कोसळू लागताच या सौद्यांची किंमत घटली. त्या वर्षीच्या तिसऱ्या तिमाहीत साऊथवेस्टला १२ कोटी डॉलरचा तोटा दाखवावा लागला. सतरा वर्षांतली ती पहिली तोट्याची तिमाही होती. पुढे २०२५ साली कंपनीने हे सौदे बंद केले.

खरी कसोटी मात्र विलीनीकरणात लागली. सप्टेंबर २०१० मध्ये साऊथवेस्टने एअरट्रान ही कंपनी घेण्याचे जाहीर केले. सौदा सुमारे १४० कोटी डॉलरचा होता आणि मे २०११ मध्ये तो पुरा झाला. विमाने, फेऱ्या, देणी यांचे आकडे कागदावर जुळले. अडले ते ज्येष्ठतेवर. वैमानिकाचा पगार, सुट्टी, कॅप्टनची खुर्ची सारे ज्येष्ठतेच्या यादीवर ठरते. दोन याद्या एक करायच्या तर कोणाला तरी खाली सरकावे लागणार. पहिला तोडगा एअरट्रानच्या संघटनेच्या पुढाऱ्यांनी मतदानालाच जाऊ दिला नाही. दुसरा नोव्हेंबर २०११ मध्ये मंजूर झाला. त्यात पगार वाढला, पण एअरट्रानच्या अनेक कॅप्टनांना सहवैमानिकाच्या खुर्चीवर यावे लागले. एअरट्रानचे शेवटचे विमान डिसेंबर २०१४ मध्ये उडाले. सौदा पुरा झाल्यापासून कारभार पूर्ण एक व्हायला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागला!

हे वाचताना आम्हांला आमचीच चूक आठवते. काही वर्षांपूर्वी आम्ही नात्यातली एक पेढी आमच्या पेढीत मिळवून घेतली. माल, माग आणि उधारीचा हिशेब दोन दिवसांत उरकला. त्यांचे मुनीम मोठे की आमचे, हे मात्र आम्ही कोणालाच सांगितले नाही. वाटले, आपोआप बसेल. सहा महिन्यांनी बावीस वर्षांचा तजुर्बा असलेले त्यांचे मुनीम एका सकाळी किल्ल्या गल्ल्यावर ठेवून निघून गेले. कोणाकडून किती येणे आणि तगादा कसा लावायचा, हे त्यांच्या डोक्यात होते. त्यातली बरीच रक्कम बुडाली.

साऊथवेस्टलाही हे राखणे सोपे गेले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने सुमारे १,७५० जणांना कमी करण्याचे जाहीर केले. इतकी मोठी कपात तिच्या इतिहासात पहिलीच होती. माणसांचा भरवसा कमवायला वर्षे लागतात आणि तो टिकवण्याचे काम कधी संपत नाही.

म्हणून भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत जे बांधव भागीदारी करण्याच्या किंवा दोन कारखाने एक करण्याच्या विचारात आहेत, त्यांना आमची विनंती आहे. सुताचा भाव जरूर बांधा, पण गरजेपुरताच. आणि करारावर सही करण्याआधी दोन्हीकडच्या माणसांना एकत्र बसवून कोणाचा हुद्दा काय, पगार काय, हे त्यांच्यासमोर लिहून काढा. भावाचा तोटा पुढच्या हंगामात भरून निघू शकतो, गेलेला मुनीम परत येत नाही.