इथे काहीच नाहीये?

परीक्षा संपली की कॉलेजचा कट्टा 'ओसाड' होतो. ग्रुपवर दोन दिवस मेसेज आला नाही की ग्रुप 'ओस' पडतो. होस्टेलची खोली तर बारमाही 'भकास'. इथपर्यंत ठीक आहे. पण हेच शब्द आपण जमिनीला लावतो तेव्हा गडबड होते.

ती कशी, ते बघायचं असेल तर हार्बरनं बेलापूरला उतरा आणि दिवाळे गावात या. (नावावर जाऊ नका, गावाचं दिवाळं वगैरे निघालेलं नाही!) कोळीवाड्यातून जेट्टीकडे चालत जा, पण ओहोटीची वेळ साधून. खाडीचं पाणी मागे सरलेलं असतं. समोर राखाडी चिखल, कडेला तिवरं आणि नाकात शिरणारा तो वास. फोटो काढून तुम्ही कॅप्शन टाकाल, 'इथे काहीच नाहीये.'

आता जरा थांबा आणि चिखलाकडे नीट बघा. अंगठ्याएवढं काहीतरी टुणकन उडालं ना? ती निवटी. चिखलावर सरपटणारा मासा. बिळात चिंबोऱ्या असतात, दगडांना कालवं चिकटलेली असतात. ओहोटीच्या वेळा पाठ असलेल्या बायकांनी हेच वेचून, विकून घरं चालवलीत. म्हणून इथला आगरी-कोळी माणूस अशा जमिनीला ओसाड म्हणत नाही, 'खाजण' म्हणतो. भरतीचं खारं पाणी जिथे येतं-जातं ती जागा. तिथे काय नाही हे न सांगता काय घडतं ते सांगणारा शब्द!

मराठीत अशा शब्दांची कमी नाही, फक्त आपण सगळ्यांना एकाच पोत्यात कोंबतो. 'ओस', 'उजाड', 'वैराण' हे शब्द खरं तर माणसं निघून गेल्याचं सांगतात. 'बेचिराख' तर मस्तच आहे. राख झाली म्हणून बेचिराख, असं आपल्याला वाटतं. पण मूळ फारसी 'बे-चिराग', म्हणजे दिवा नसलेलं. ज्या गावात संध्याकाळी दिवा लावायला कुणी उरलं नाही, ते गाव. विदर्भातल्या कागदपत्रांत अशा वस्ती उठलेल्या गावाच्या नावापुढे आजही 'रिठी' लिहिलेलं सापडतं. याउलट 'बरड', 'मुरमाड', 'चोपण' हे मातीचे शब्द. माती भरड आहे, मुरमाची आहे की क्षारांनी घट्ट झालेली, ते शेतकऱ्याला एका शब्दात कळतं. कोकणातली 'वरकस' म्हणजे भात पिकत नाही अशी डोंगरउताराची हलकी जमीन. पण तिथे नाचणी, वरी होते, मग काही वर्षं जमिनीला विश्रांती. 'पडीक' दिसते, पण ती आराम करत असते.

आणि मग येतात हिशोबाचे शब्द. गावी सातबारा असेल तर उघडून बघा, त्यात 'पोटखराब' असा रकाना सापडेल. म्हणजे त्या गटातला लागवडीलायक नसलेला तुकडा. नाला असेल, खडक असेल. तिथे मोर नाचत असेल तरी तो कागदावर खराबच! इंग्रजांच्या महसुली भाषेत ज्या जमिनीतून शेतसारा येत नाही ती 'वेस्ट'. तो शब्द काही गेला नाही. केंद्र सरकारचा 'वेस्टलँड्स अ‍ॅटलास' निघतो. २०१९च्या आवृत्तीत पडजमिनीचे २३ प्रकार आहेत. त्यांत दलदल आहे, झुडपी जमीन आहे, उघडा खडकही आहे.

उघडा खडक म्हणजे कोकणातला 'सडा'. उन्हाळ्यात तापलेला तवा, पावसाळ्यात फुलांनी भरलेला. रत्नागिरीच्या सड्यांवर आदिमानवानं कोरलेली कातळशिल्पं आहेत. २०२२मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. 'माळरान' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रिकामा माळ येतो. पण माळढोकाच्या नावातच माळ आहे, लांडगा आणि चिंकारा तिथेच राहतात आणि धनगरांच्या मेंढ्या तिथेच चरतात. आज महाराष्ट्रात माळढोक जवळपास दिसतच नाही. इतरही कारणं आहेत, पण 'पडीक आहे, काहीतरी करा' या वाक्याचा त्यात वाटा आहेच, असं मला वाटतं.

दिवाळ्यात हे वाक्य जुनंच आहे. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. ती जमीन रिकामी नव्हती. भातशेती होती, मिठागरं होती, खाजणं होती. १९८४मध्ये जासईला जमिनीच्या मोबदल्यासाठी पाच आंदोलकांनी गोळ्या झेलल्या, त्या काही 'काहीच नसलेल्या' जमिनीसाठी नाही. आता तिवरांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाचं संरक्षण आहे. नुसत्या चिखलाचं मात्र अवघड आहे. त्यावर झाड नाही, म्हणजे तोडायलाही काही नाही. फक्त भराव टाकायचा. मग त्यावर टॉवर उभा राहतो, त्याला नाव मिळतं 'क्रीक व्ह्यू' आणि ब्रोशरवर फ्लेमिंगो छापला जातो.

तर या सुट्टीत गावी गेलात की आजीला विचारा, 'त्या पलीकडच्या जागेला तुम्ही काय म्हणायचात?' तुमच्या सॅटेलाइट मॅपवर तो नुसता तपकिरी ठिपका असेल. आजी एक शब्द सांगेल, आणि बहुतेक तिथे काय मिळायचं तेही सांगेल.