तांबे पळवणारा निकल

जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवर एर्त्सगेबिर्ग नावाची डोंगररांग आहे. एर्त्स म्हणजे धातुक. चांदीच्या खाणींसाठी ही रांग प्रसिद्ध होती. त्या खाणींत एक जड, तांबूस दगड सापडे. त्यावर कधी हिरवट थर असे. तांबूस रंग आणि हिरवा थर दिसल्यावर तांब्याशिवाय दुसरे काय आठवणार? दगड भट्टीत गेला. तांबे निघाले नाही, विषारी धूर मात्र निघाला.

वैतागलेल्या खाणकामगारांनी त्याला नाव दिले कुप्फरनिकल. यातला कुप्फर म्हणजे तांबे. तो लॅटिनमधून आला आणि त्याचे मूळ सायप्रस बेटाच्या नावात आहे, कारण रोमनांना तिथून तांबे मिळे. निकल मात्र घरचाच. नारायणाचा नाऱ्या व्हावा तसा निकोलाउसचा निकल झाला, आणि खाणीतल्या खोडकर भुतालाही हेच नाव पडले. तांबे त्यानेच पळवले म्हणे! कोबाल्टचे नावही अशाच एका भुतावरून, कोबोल्डवरून आले.

भूत खोटे, पण तक्रार खरी होती. हा दगड म्हणजे निकेल आणि आर्सेनिक यांचे संयुग. तांबूसपणा त्या संयुगाचाच, आणि हिरवा थरही निकेलच्याच क्षाराचा. दगड भाजला की आर्सेनिकचा ऑक्सिजनशी संयोग होऊन वाफ उठते. ती निवली की पांढरी भुकटी जमते, तोच आपला सोमल. खाणकामगारांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, तरी ‘दिसते तांबे, पण आहे भलतेच’ एवढे त्यांनी एका शब्दात अचूक नोंदवले होते.

१७५१ मध्ये स्वीडनच्या आक्सेल फ्रेड्रिक क्रूनस्टेट याने लोस गावच्या कोबाल्ट खाणीतल्या धातुकातून एक टणक, पांढरट धातू वेगळा केला. लोहचुंबक त्याला ओढून घेई. हाच धातू कुप्फरनिकलमध्ये भरपूर आहे हे कळल्यावर १७५४ मध्ये त्याने कुप्फर गाळून निकल तेवढा ठेवला. हे मूलद्रव्य नसून कोबाल्ट, लोखंड वगैरेंचे मिश्रण आहे, असा आक्षेप काहींनी घेतला. १७७५ मध्ये टोर्बर्न बेरिमान याने अधिक शुद्ध नमुना तयार केला, तेव्हा क्रूनस्टेटची बाजू भक्कम झाली.

नावातून गाळलेले तांबे पुढे अमेरिकेने नाण्यात परत घातले. तिथल्या पाच सेंटच्या नाण्याला लोक ‘निकल’च म्हणतात. १८६६ पासून चालत आलेल्या त्याच्या मिश्रधातूत ७५ टक्के तांबे असते, निकेल फक्त २५ टक्के.