मनातला मिस्ड कॉल

डेडलाईन, ईएमआय, ट्रॅफिक... या सगळ्यात मनाच्या जुन्या दुखण्याकडे बघायला वेळ आहे कुणाला? ख्रिस्ती परंपरेत मात्र या दुखण्यासाठी एक वेगळी वाट सांगितली आहे. आठवण पुसायची नाही, तिच्यात परत जायचं. फक्त एकट्यानं नाही!

वर्धा स्टेशनवर उतरून पिपरी मेघेच्या घरी जायला ऑटोनं फार वेळ लागत नाही. तेवढ्या वेळात मी दरवेळी न चुकता एक काम करायचे. फोन सायलेंटवर टाकायचे. आईला वाटायचं, पोरगी सुट्टीवर आली म्हणून ऑफिसचे फोन टाळते. खरं कारण तिला ठाऊक नव्हतं. आमच्या गल्लीत शिरताना फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा.

एप्रिल २०२१. मी पुण्यात, लॅपटॉपसमोर. संपादकांबरोबर व्हिडीओ मीटिंग सुरू होती. बाबा वर्ध्याला कोविड वॉर्डात होते. त्यांचा फोन आला, मी कट केला. 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करते' असा मेसेज टाकला. रात्री फोन केला तेव्हा ते बोलण्याच्या स्थितीत नव्हते. तिसऱ्या दिवशी गेले.

त्यानंतर तुम्ही-आम्ही जे करतो ते सगळं मी केलं. जिम लावली, गोव्याला जाऊन आले, डबल काम अंगावर घेतलं. काउन्सेलरकडेही गेले आणि त्याचा खरोखर फायदा झाला. झोप परत आली. पण तो एक कॉल काही डोक्यातून डिलीट होईना.

गेल्या नाताळात शेजारच्या काकू केकचं ताट घेऊन आल्या. काकू ख्रिस्ती, निवृत्त नर्स. आमचा दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे आणि त्यांचा केक आमच्याकडे, हा व्यवहार माझ्या लहानपणापासूनचा. तेवढ्यात माझा फोन वाजला आणि माझा चेहरा त्यांनी बरोबर टिपला. 'काहून गं पोरी, कोणाचा फोन अजून वाजते तुझ्या कानात?' चार वर्षांत कुणाला न सांगितलेलं मी त्यांना पाच मिनिटांत सांगून टाकलं.

मला वाटलं, आता 'जाऊ दे, विसर' असं म्हणतील. काकूंनी गोष्टच सुरू केली.

दोन शेकोट्या

येशूला पकडून नेलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र अंगणात कोळशाच्या शेकोटीजवळ उभा होता. 'तू त्याच्याबरोबरचा ना?' असं लोकांनी तीनदा विचारलं आणि तीनही वेळा पेत्र 'नाही' म्हणाला. पुढे, योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात, पुनरुत्थित येशू त्याला सरोवराच्या काठी भेटतो. तिथंही कोळशाचीच शेकोटी पेटलेली असते. आधी न्याहारी होते. मग येशू विचारतो, 'माझ्यावर प्रेम करतोस का?' तेही तीनदा. आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवतो : माझ्या मेंढरांना सांभाळ.

'पाहिलं? विस्तव तोच, मोजणी तीच,' काकू म्हणाल्या. 'त्याला विसर नाही म्हटलं. जिथं मोडला तिथंच परत नेला. पण रागवाले नाही, जेवू घालाले.'

ख्रिस्ती मंडळींमध्ये ज्याला 'इनर हीलिंग' किंवा आठवणींचं आरोग्यदान म्हणतात, त्याचा सगळा फंडा या गोष्टीत आहे. विसाव्या शतकात ही वाट ज्यांनी रुळवली त्यांत अमेरिकेच्या ॲग्नेस सॅनफर्ड यांचं नाव आधी घेतलं जातं. त्या १८९७ साली चीनमध्ये, मिशनरी घरात जन्मल्या. स्वतः नैराश्यातून गेल्यावर त्या इतरांच्या जुन्या आठवणींसाठी प्रार्थना करू लागल्या. पुढे डेनिस आणि मॅथ्यू लिन या जेझुइट भावांनी १९७८ च्या पुस्तकात मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांचे पाच टप्पे घेतले : नकार, राग, सौदेबाजी, खिन्नता, स्वीकार. क्षमेलाही याच पायऱ्या चढाव्या लागतात, असं त्यांचं म्हणणं. थोडक्यात, 'मी माफ केलं' हे पहिल्याच दिवशी म्हणून टाकायचं वाक्य नाही. राग येऊन जाऊ द्यायचा असतो. अगदी देवाचासुद्धा!

लोणावळा म्हणजे फक्त चिक्की नव्हे

हे सगळं परदेशी वाटत असेल तर थांबा. लोणावळा म्हटलं की आपल्याला चिक्की आणि भुशी डॅम आठवतो. त्याच लोणावळ्यात, मुंबईत १९३१ साली जन्मलेल्या जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांची 'साधना' ही संस्था होती. त्यांचं 'साधना' हे पुस्तक १९७८ चं. त्यात श्वासाकडे लक्ष देण्यापासून सुरुवात होते. पुढे कल्पनेनं जुन्या प्रसंगात परत जाण्याचे आणि तिथं ख्रिस्ताला सोबत घेण्याचे सराव येतात. विपश्यना, उपनिषदं, सूफी गोष्टी असं सगळं त्यांच्याकडे एकत्र नांदायचं. डिमेलो १९८७ मध्ये गेले. त्यांची काही मतं कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत, असा इशारा व्हॅटिकननं १९९८ मध्ये दिला. तरीही त्यांची पुस्तकं सगळ्या धर्मांचे लोक वाचत राहिले.

आपल्याच दोघी

मला या विषयाची सगळ्यात जवळची उदाहरणं मात्र मराठीतच सापडली. लक्ष्मीबाई टिळक आणि पंडिता रमाबाई!

'स्मृतिचित्रे' शाळेत धड्यापुरती वाचली होती. या वेळी पूर्ण वाचली. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सासऱ्यांना १८५७ च्या बंडात फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाहेरून आलेली वस्तू धुवा, पुन्हा धुवा. एका माणसाची भीती अख्ख्या घराची शिस्त झाली. लहानगी लक्ष्मी त्यातच वाढली. पुढे १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच गेली. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. परत एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाई सोवळं पाळत होत्या. मग विचार करता करता त्यांना वाटलं, हे भेद माणसांनीच केलेत. आधी सोवळं सुटलं. बाप्तिस्मा १९०० मध्ये, म्हणजे नंतर.

म्हातारपणी लिहिलेलं हे पुस्तक १९३४ पासून भागाभागानं आलं. वडिलांचा जाच, नवऱ्याचं लहरी वागणं, विरहाची वर्षं, काहीही झाकलेलं नाही. आणि तरी पानोपानी हसू येतं. जखम भरली की नाही हे कसं ओळखायचं, याचं उत्तर मला इथं मिळालं. तुम्ही ती गोष्ट खोटं न बोलता आणि विष न ओकता सांगू शकता का?

रमाबाईंची गोष्ट वेगळी. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. वयाची चोविशीही गाठली नव्हती आणि कडेवर तान्ही मनोरमा! १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायला आणखी काही वर्षं लागली, असं त्यांनी स्वतःच नंतर लिहिलं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. (आपला वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता.) रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना आसरा दिला. केडगावचं 'मुक्ती' त्यातून वाढलं. तिथं प्रार्थना होती, तशीच शाळा होती, विणकाम होतं, छापखाना होता. दुष्काळानं ज्या मुलीचं सगळं नेलं, तिनंच पुढे दुष्काळातल्या मुलींसाठी दार उघडलं. पेत्राला शेकोटीजवळ मिळालेलं कामच हे!

पण सावधान...

इथं थोडा ब्रेक मारू या. 'प्रार्थना केली, गोळ्या बंद कर' असं सांगणारे लोक भेटतात. काकूंची नर्सची बुद्धी यावर लगेच तापते : 'गोळी डॉक्टरची, प्रार्थना देवाची. एकानं दुसऱ्याचं काम करू नये.' व्हॅटिकननंही २००० साली आरोग्यदानाच्या प्रार्थनांविषयी सूचना काढली. अशा सभांमध्ये उन्माद आणि नाटकीपणा नको, असं त्यात स्पष्ट सांगितलं.

दुसरा धोका आठवणींचाच. कुणी सुचवत राहिलं तर न घडलेली गोष्टही घडल्यासारखी आठवू लागते, हे एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांतून दिसलं आहे. त्यामुळे 'तुझ्या लहानपणी नक्की काहीतरी झालंय, आठव' असं कुणी म्हटलं तर उठून यायचं. आणि ज्यानं छळ केला त्याला 'माफ कर आणि परत घरी जा' असा सल्ला मिळाला, तर तेही हीलिंग नव्हे. क्षमा वेगळी, पुन्हा त्याच तावडीत जाणं वेगळं.

अंगणातली संध्याकाळ

तर मी काय केलं? मी हिंदू घरातली, आजही तशीच आहे. काकूंनी धर्माचा विषयही काढला नाही. एका संध्याकाळी त्यांच्या अंगणात बसलो. त्या म्हणाल्या, डोळे मीट आणि त्या खोलीत जा. लॅपटॉप, कॉफीचा मग, स्क्रीनवर 'बाबा'. 'आता तुझ्या बाजूच्या खुर्चीत कोण बसलं पाहिजे, तूच सांग. माझा तर येशू बसतो.' माझ्या बाजूला कोण बसलं ते इथं लिहीत नाही. पण त्या खोलीत पहिल्यांदाच मी एकटी नव्हते. मी खूप रडले. बाबांना जे सांगायचं होतं ते मोठ्यानं सांगितलं. कॉल कट झाला तो झालाच, तो काही परत लागला नाही.

घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'त्यांना त्या लग्नाला चला म्हणून मीच मागं लागले होते. तिथूनच ताप घेऊन आले.' चार वर्षं एकाच घरातल्या दोघी आपापली शेकोटी घेऊन वेगवेगळ्या खोल्यांत बसलो होतो! त्या रात्री आम्ही दोघींनी उशिरापर्यंत चहा प्यायला आणि बाबांच्या गमतीही आठवल्या.

यंदा वर्ध्याला उतरले तेव्हा फोन सायलेंटवर टाकला नाही. गल्लीत शिरताना तो वाजलाच. पोटात गोळा आला, पण लहान होता. फोन आईचा होता. 'कुठवर आलीस?'

मी उचलला.

तुमच्यासाठी...
- झोप, भूक, काम यांवर दोन आठवड्यांहून जास्त परिणाम होत असेल तर आधी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा.
- 'टेली मानस' ही सरकारी हेल्पलाईन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, दिवसरात्र!
- सोबतीला असा माणूस निवडा जो ऐकतो, घाई करत नाही आणि तुमची गोष्ट चौकात सांगत नाही.
- आणि हो, घरच्यांना विचारा. त्यांच्याकडेही एखादा मिस्ड कॉल असू शकतो.