वृत्त्युपवाद आणि व्यापाऱ्याची पत

सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा जुना व्यापारी रस्ता तापीच्या खोऱ्यांतून थाळनेर व चोपडा या गांवांवरून जात असे. इ. स. १६१० मध्यें विल्यम फिंच हा इंग्रज प्रवासी याच वाटेनें गेला. त्याच्या वृत्तांतांत चोपड्याचा उल्लेख मोठें गांव म्हणून आहे. अशा मार्गावर रोकडीचें ओझें वाहण्यापेक्षां हुंडीचा कागद सोयीचा, आणि हुंडी सकारली जावयाची ती लिहिणाराची पत पाहून. पेढी बुडाल्याची नुसती आवई उठली तरी धडधाकट पेढीहि बसावयाची. दिवाळें निघालेल्या सावकारानें भर दिवसा दिवा लावून बसावें असा प्रघात होता व त्यावरूनच तो शब्द आला, असें सांगतात. मग चांगल्या सावकारास कोणी खोटेंच दिवाळखोर म्हटलें तर त्यास दाद कोठें?

आमच्या शास्त्रकारांनीं हा विषय वाक्पारुष्य या व्यवहारपदांत घातला आहे. त्यांत कौटिल्याचें विवेचन आम्हांस विशेष मार्मिक वाटतें. शरीर, स्वभाव, विद्या, वृत्ति व देश या पांचांवरून होणारी निंदा तो सांगतो, आणि कारू व कुशीलव यांच्या धंद्याच्या निंदेस वृत्त्युपवाद असें स्वतंत्र नांव देतो. व्यापाऱ्याचा नामनिर्देश तेथें नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. काण्यास काणा म्हटल्यास तीन पण दंड, खोटेंच म्हटल्यास सहा, आणि उपरोधानें त्याच्या डोळ्यांची स्तुति केल्यास बारा! म्हणजे खरें बोलणाराचीहि सुटका नाहीं. मात्र हा सर्व दंड राजाचा. ज्याचें गिऱ्हाईक तुटलें त्याच्या पदरीं त्यांतून कांहीं पडत नसे.

इ. स. १८६० च्या दंडसंहितेनें जात, धंदा किंवा पत यांस कमीपणा आणणारा आरोप अब्रुनुकसानींत स्पष्टपणें घेतला. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमांत तीच व्याख्या कायम आहे. फौजदारींत आरोप खरा असून भागत नाहीं, तो लोकहितार्थहि असावा लागतो. येथें कौटिल्याच्या तीन पणांची आठवण होते. दिवाणी दाव्यांत मात्र सत्य सिद्ध झालें कीं दावा संपला, आणि तें न झाल्यास भरपाई मिळते ती वादीस. मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानें १९६० मध्यें ठाकरसी या गिरणीमालक घराण्याच्या व्यवहारांवर लेख छापला, तेव्हां कृष्णराज ठाकरसी यांनीं दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयानें प्रथम तीन लाख रुपये देवविले. अपिलांत ती रक्कम दीड लाखांवर आली.

दप्तरें धुंडाळणारांस यांतील एक कलम विशेष लागू आहे. जुन्या वहींत एखाद्या पेढीचें दिवाळें सांपडलें व तें छापावयाचें, तर मृतावरील आरोपहि गुन्हा ठरूं शकतो. मात्र तो माणूस जिवंत असतां त्याच्या लौकिकास बाध आला असता असा तो आरोप असावा, आणि त्याच्या कुटुंबियांचीं मनें दुखविण्याचा हेतु असावा. असा हेतु नसतां मूळ कागद बरहुकूम छापणारास यांत भिण्याचें कारण नाहीं. छापील बदनामीबद्दल दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्षाची आहे.