हाकेचा पल्ला

माईक गेला तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला असेल. संगमनेर तालुक्यातल्या एका गावची चैत्रातली जत्रा. गहू काढून मोकळ्या झालेल्या रानात माणूस मावत नव्हता आणि फळ्यांच्या स्टेजवर विशीतली एक पोरगी गौळण म्हणत होती. जनरेटरनं दोन आचके दिले, दिवे विझले, कर्णे गप्प. कुणीतरी फडाच्या ट्रकचे हेडलाइट लावले. त्या उजेडात पोरगी दिसत होती, तिचे ओठही हलत होते, पण चौथ्या रांगेपलीकडं काही जाईना. शिट्ट्या सुरू झाल्या. तेवढ्यात मागच्या पडद्याआडून कुणीतरी तीच ओळ उचलली. वय झालेल्या बाईचा आवाज, कडेला थोडा फाटलेला. गोड होता असं मी म्हणणार नाही. मी पार मागं, रसवंतीच्या गाड्याशी उभी होते. मला शब्दन् शब्द कळला. शिट्ट्या थांबल्या.

पहाटे कनाती उतरत असताना त्या बाईंना गाठलं. स्टेज सोडून त्यांना बरीच वर्षं झालीत. जत्रांच्या दिवसांत फडाबरोबर फिरतात ते पोरींवर लक्ष ठेवायला. सगळे त्यांना आक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. हा आवाज कुठं शिकलात, असं विचारलं तर हसल्या. "मे म्हैन्यात पोरं शिकाया येत्यात, शिबिर हाय. तिकडं या, निवांत बोलू."

निवांत बोलणं काही झालं नाही. पण मी गेले, आणि एकदा जाऊन भागलं नाही म्हणून आणखी तीनदा गेले.

शाळा सुट्टीत रिकामी असते, पत्रे तापलेले असतात आणि फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच असते. शिबिर अशा एका शाळेत भरलं होतं. राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय तमाशा, लावणी, शाहिरी, दशावतार अशा कलांची प्रशिक्षण शिबिरं घेत असतं. हे त्याच धर्तीवर गावातल्या हौशी मंडळींनी भरवलेलं होतं. वीस दिवस, पंचवीसेक मुलं-मुली, शेवटी प्रमाणपत्र. सकाळी आवाज, मग ढोलकी आणि पायातलं काम, दुपारी बतावणी, संध्याकाळी वगाची तालीम.

पहिल्या दिवशी मी पोचले तेव्हा वर्गाच्या ओट्यावर एक म्हातारा हलगीवाला वर्तमानपत्राची सुरळी पेटवून हलगी शेकत बसला होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि हा जाळ करून बसलेला. कारण विचारलं तर त्यानं हनुवटीनं वर्गातला कूलर दाखवला. मुलांना उकडू नये म्हणून संयोजकांनी मोठा कूलर आणला होता, आणि त्याच्या ओलसर वाऱ्यानं कातडं उतरत होतं. बाकी दोघांच्या हलग्यांना प्लॅस्टिकचं पान होतं, त्यांना हा ताप नाही. याची एकट्याची कातड्याची. दर अर्ध्या तासानं तो उठायचा, ओट्यावर यायचा, कालची बातमी जाळायचा. जळका कागद आणि तापलेलं कातडं यांचा तो वास माझ्या ओढणीला घरी येईपर्यंत होता. मला वाटतं, पुन्हा पुन्हा तिथं जाण्याचं निम्मं कारण तो वासच असावा.

तमाशाला आपण नाच म्हणून ओळखतो, फार तर विनोद म्हणून. पण गण, गौळण, बतावणी होऊन वग उभा राहिला की ते गाण्यातून पुढं सरकणारं नाटकच असतं. राजा दरबारात येतो तो गात, राणीला वनवास होतो तो गाण्यात. उमाजी सावळजकरांचा 'मोहना-बटाव' हा पहिला वग मानला जातो, आणि त्याचं साल १८६५ सांगतात. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं ते ३१ ऑक्टोबर १८८० रोजी. म्हणजे वग पंधरा वर्षांनी थोरला. पण संगीत नाटकाचा इतिहास सांगताना आपण बहुधा धाकट्यापासून सुरुवात करतो. थोरला गावकुसाबाहेर राहिला होता, दुसरं काय.

आक्कांचा सकाळचा तास मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. त्यांना स्वरांची नावं सांगता येत नाहीत असं नाही. काळी चार म्हणजे काय ते त्यांना पेटीकडं न बघता कळतं. पण पेटी त्या उघडूच देत नव्हत्या. पोरांना त्यांनी पटांगणाच्या एका टोकाला उभं केलं आणि स्वतः पार दुसऱ्या टोकाला, लिंबाखाली जाऊन बसल्या.

"बाप तिकडं बांधावर हाय. भाकरी आलीय. त्याला हाक मार."

मुलं एकमेकांकडं बघून हसली. मग एकेक पुढं आलं. बहुतेकांनी नुसती बोंब मारली. बोंब जवळ मोठी असते आणि दहा पावलांत विरते, हे मला तिथं उभी राहून पहिल्यांदाच कळलं. आक्का लिंबाखालून हातानं 'नाही' करायच्या. एक पोरगा, अकोले तालुक्यातल्या डोंगराकडचा, गुरांमागं हिंडलेला असावा. त्यानं शेवटचं अक्षर लांबवलं, वर चढवलं आणि सोडून दिलं. त्याला जोर लागलेला दिसलाही नाही. आक्का उठून उभ्या राहिल्या.

"हां. ह्याला गाता येईल."

त्यानं तोवर एकही गाणं म्हटलेलं नव्हतं.

नंतर एक मुलगी आली. सतराएक वर्षांची, बारावीची परीक्षा देऊन आलेली, आवाजाची खरोखर गोड. मोबाइलवर ट्रॅक लावून ती जे गाणं म्हणायची त्याला सगळी मुलं टाळ्या द्यायची. तिला हाक मारताच येईना. तीनदा प्रयत्न केला, मग रडवेली होऊन म्हणाली, "आक्का, आम्ही कॉलनीत राहतो. मी कुणाला एवढ्या लांबून हाक मारलीच नाही कधी."

आक्का रागावल्या नाहीत. थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिल्या. मला आठवलं, आमच्या वाड्यात आजी माडीवरून हाक मारायची ती गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जायची आणि आम्हाला तिची लाज वाटायची. गेल्या किती वर्षांत मी कुणाला मोठ्यानं हाक मारली? मुलगा आतल्या खोलीत असला तरी मी मेसेज करते.

"दोनशे दहा रात्री," आक्का जेवताना म्हणाल्या. हा आकडा त्या भागात सगळ्यांच्या तोंडी असतो. दसऱ्याला फड बाहेर पडतो तो बुद्धपौर्णिमेपर्यंत, त्या हंगामाच्या रात्री २१०. "तितं आवाज होतो. हितं काय, वीस दिस." त्यांनी एकतीस हंगाम केले. कुणीतरी लगेच मोबाइलवर गुणाकार केला आणि ओरडून सांगितलं: ६,५१०. पोरं थक्क झाली. आक्कांनी कालवणात भाकरी कुस्करली. "तेवढ्या राती झोपले न्हाई, येवढंच."

२१० आणि २०. शिबिराच्या उद्घाटनाला भाषणं करणाऱ्यांनी 'कलेचं जतन' हे शब्द बऱ्याचदा वापरले होते, असं मुलं सांगत होती. हा गुणाकार, किंवा भागाकार, त्यांच्यापैकी कुणी केला असेल असं वाटत नाही.

तरी वीस दिवसांत काहीच होत नाही असंही नाही, हे मी दुसऱ्या फेरीत पाहिलं. आक्कांनी सगळ्यांना झीलला घातलं होतं. मुख्य गाणारा ओळ संपवत आणतो तेव्हा मागं उभे असलेले झीलकरी त्याचं शेवटचं अक्षर उचलतात आणि 'जी जी' करत टिपेला नेतात, तोवर पुढच्याला श्वास घ्यायला उसंत मिळते. ऐकणाऱ्याला हे कळतही नाही. सुरत्या आणि तुणतुणेवाला जन्मभर तिथं, पाठीमागं, उभे असतात. गोड गळ्याच्या त्या मुलीला हे अजिबात पसंत नव्हतं. तिला गौळणीतली राधा हवी होती. ती आधी बेतानं, मग कंटाळून झील धरायची, आणि ज्या क्षणी कंटाळली त्या क्षणी तिचा आवाज मोकळा सुटला. ती स्वतःच दचकली. हलगीवाल्यानं कूलरकडं पाठ करून एक टोला जास्तीचा दिला.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या उघड्या माळावर सांता फे ऑपेरा आहे. तिथं जॉन क्रॉस्बी यांनी १९५७ पासून उन्हाळ्यात तरुण गायकांना उमेदवारीवर घ्यायला सुरुवात केली, आणि तो क्रम अजून चालू आहे. मोठ्या गायकांच्या प्रयोगात ही मुलं समूहात गातात, कुणाचा घसा बसलाच तर एखादी भूमिका वाट्याला येते. ऑपेरा मुळात माईकविना गायचा. वाद्यवृंदाच्या वरून गळा शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. हे मी आक्कांना सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "त्यास्नी सुपारी किती मिळती?" मला सांगता आलं नाही. पुढं म्हणाल्या, "म्हंजे त्येंच्यातबी आधी झीलच."

संगमनेरला या कामाची परंपरा फार जुनी आहे, पण शिबिरातल्या मुलांना ती माहीत नव्हती. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) इथलेच. ते तमाशा करत. ब्राह्मणानं डफ हाती घेऊन नाचावं का, असं अहिल्याबाई होळकरांनी त्यांना सुनावलं आणि फंदींनी डफ सोडून कीर्तन धरलं, अशी कथा सांगतात. जिल्ह्याला आता अहिल्याबाईंचं नाव आहे आणि त्याच जिल्ह्यात फंदींनी सोडलेला डफ पोरांच्या हाती द्यायचा खटाटोप चालू आहे. मला यात विरोधाभासापेक्षा गंमत जास्त वाटते.

पुणे-नाशिक रस्त्यावरचं हिवरगाव पावसा हे नाव आज लोकांना टोलनाक्यामुळं माहीत. पवळा त्या गावची, पवळाबाई तबाजी भालेराव. तमाशात बाईची सोंगं पुरुषच घेत होते, नाच्या पोऱ्या नाचत होता, तेव्हा ती फडावर उभी राहिली. तमाशातली पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतात. पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी; जात, घर, कुलकर्णीपण मागं टाकून ते तिच्याबरोबर फडात राहिले. त्यांच्या लावण्यांची वाहवा अजून होते. पण माईक नसलेल्या त्या काळात लिहिलेला शब्द शेवटच्या माणसापर्यंत नेऊन पोचवला तो पवळेच्या गळ्यानं. याची दाद कमी मिळाली. गळ्याची दाद मागं राहत नाही, कागदाची राहते.

आणि कांताबाई सातारकर. पुरुषी पोशाखात शिवाजी, संभाजी उभे करणाऱ्या. २५ मे २०२१ रोजी करोनानं त्या संगमनेरात गेल्या. त्या दोन वर्षांत फड जागच्या जागी होते, २१० रात्री शून्यावर आल्या होत्या. त्यांचं नाव निघालं की आक्का पदर सावरतात आणि विषय बदलतात. मी दोनदा काढलं, तिसऱ्यांदा काढलं नाही.

शेवटच्या दिवशीचा प्रयोग जेमतेम झाला म्हणायचा. सत्कार लांबले. नारळ, शाल, फेटा, प्रत्येकाचं मनोगत. सात वाजता सुरू व्हायचा गण साडेआठला झाला आणि दीड तासाचा बसवलेला वग चाळीस मिनिटांत गुंडाळावा लागला. माईक उत्तम चालला. अकोल्याकडच्या पोरानं सरदार केला. तो माईकपासून दोन हात लांब उभा राहिला म्हणून साउंडवाला सारखा त्याला खुणा करत होता. राधा दुसऱ्याच मुलीला मिळाली होती. कॉलनीतली मुलगी मागं, तुणतुण्याच्या शेजारी, झीलला. प्रेक्षकांत बसलेल्या तिच्या आईला ती दिसत नव्हती, ती मान वाकडी करून शोधत होती.

प्रमाणपत्रं वाटून झाली, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. हलगीवाला ओट्यावर बसून हलगी जुन्या लुगड्यात बांधत होता. आज जाळ नव्हता, कूलर दुपारीच परत गेला होता. आक्का लिंबाखाली पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांना कोण न्यायला येणार ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं, म्हणून मी थांबले.

मुलीचा भाऊ फाटकापाशी मोटारसायकलवर पाठमोरा बसला होता. मधे सगळं पटांगण. ती त्याच्याकडं चालू लागली तर आक्का म्हणाल्या, "थांब. हितनंच बोलाव."

तिनं इकडंतिकडं पाहिलं. प्रमाणपत्राची नळी काखेत धरली. आणि हाक मारली. शेवटचं अक्षर वर गेलं, पत्र्यावरून गेलं, फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दोन माणसांनी माना वळवल्या.

भावानं खिशातून मोबाइल काढून पाहिला.

"आनी येकदा," आक्का म्हणाल्या.