बांधीचं पाणी कुंडीला चालत नाही

धानाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल, सावली, सिंदेवाही या पट्ट्यात रोवणी झाली आणि बांधीत चार बोटं पाणी उभं दिसलं की जीव निवांत होतो. आसोलामेंढा तलावाचा नहर कधी सुटणार, गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव किती भरला, यावर इथलं वर्ष ठरतं. हाच माणूस हौसेने गच्चीवर चार कुंड्या मांडतो, तुळस, मोगरा, मिरची लावतो आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी ओततो. काही दिवसांत तुळस पिवळी पडते. पाणी कमी पडलं असेल म्हणून आणखी एक तांब्या. तुळस बहुतेक वेळा त्या शेवटच्या तांब्यानेच मरते.

मुळंही श्वास घेतात. त्यांना लागणारा प्राणवायू मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत असतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा बाहेर पडते, आणि नवीन प्राणवायू पाण्यातून हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. मूळ गुदमरतं, पेशींमधलं आम्ल वाढतं आणि पेशींच्या आवरणातली पाण्याची सूक्ष्म दारं मिटतात. अ‍ॅक्वापोरिन नावाची ही प्रथिनं. त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्री यांना २००३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. दारं मिटली की मुळाशी पाणी असूनही पानं माना टाकतात. तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड वरून सारखंच दिसतं, खरी गफलत इथेच होते. त्यात पिथियमसारखे कुजवणारे जीव ओल्या मातीत टपलेलेच असतात.

मग धान कसं तगतं? धानाचं मूळ आडवं कापून भिंगाखाली धरा. सालीचा भाग जाळीदार, पोकळ दिसेल. पानांतून आत आलेली हवा याच पोकळ्यांतून मुळाच्या टोकापर्यंत उतरते. ती वाटेत गळू नये म्हणून बाहेरच्या थराला अस्तरही असतं. तरी टोकाजवळ थोडी गळतेच, आणि तिथल्या चिखलातलं लोह गंजतं. बांधीतून उपटलेल्या धानाच्या मुळांवर तांबूस लेप दिसतो तो याचाच.

तुळशीकडे ही सोय नाही. मोगऱ्याकडे नाही, मिरचीकडेही नाही.

दुसरा घोळ मातीचा. कुंडी भरायला बांधीतली माती आणतात, कारण ती फुकट आणि हाताशी. मोरंड असो की कन्हार, तिची वर्षानुवर्षं चिखलणी झालेली असते. चिखलणी करतातच मुळी पाणी खाली झिरपू नये म्हणून. ढेकळं फुटतात, बारीक कण पोकळ्या बुजवतात. धानाला हेच हवं असतं, कुंडीला नेमकं उलटं. निम्मी माती घ्या. बाकी जाड रेती आणि चांगलं कुजलेलं शेणखत.

तळाशी गिट्टी टाकली की पाणी निघून जातं, हा समज तर घरोघरी. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत गिट्टीच्या वरच थबकतं. भिजवलेला स्पंज आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या, मग उभा करा. पुन्हा पाणी गळेल. उंची वाढली की निचरा वाढतो. कुंडीच्या तळाशी ओला थर राहतोच. गिट्टी त्याला फक्त वर, मुळांकडे ढकलते. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे.

पाणी किती? याला कॅलेंडर नसतं. मातीत दोन पेरं बोट घाला. आत ओल लागली तर तांब्या खाली ठेवा. द्यायचं तेव्हा मात्र भोकातून वाहेपर्यंत द्या, म्हणजे बोअरच्या पाण्यातले क्षारही धुऊन जातात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की लहान मातीच्या कुंडीला दिवसातून दोनदाही लागेल, कारण ती अंगातूनही पाणी गमावते. प्लास्टिकच्या कुंडीचं तसं नाही. दुपारी पानं लोंबली तर लगेच धावू नका, संध्याकाळी सावरतात का ते पाहा. आणि उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हाताला चटका देतं, ते आधी सोडून द्या.

माती अगदी सुकून कुंडीच्या कडेला फट पडली असेल, तर वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली पळतं. अशी कुंडी पाण्याच्या घमेल्यात ठेवा आणि बुडबुडे थांबले की उचला. खरा धोका मात्र श्रावणातल्या झडीचा. तेव्हा कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका, कुंड्या दोन विटांवर चढवा आणि तुळस छपरीच्या कडेला सरकवा.